सीताबर्डीची टेकडी आणि कंपालाची टेकडी

नागपूर स्टेशनाच्या पश्चिम बाजूनं बाहेर पडून डावीकडे पाहिलं की झाडीनं झाकलेली टेकडी दिसते. तिच्या कडेला टेकडी गणपती आहे. चतुर्थीला तिथं दर्शनाची मोठी रांग लागते. वर सीताबर्डीचा किल्ला आहे. तो लष्कराच्या ताब्यात असल्यामुळे एरवी दार बंद असतं. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट या तीन दिवशी तेवढं लोकांना वर सोडतात. खाली बर्डीच्या बाजारात कपडे, चपला, पुस्तकं घ्यायला अख्खं नागपूर येतं. त्या गर्दीच्या डोक्यावरच्या या टेकडीनं मध्य भारताचं पुढच्या सव्वाशे वर्षांचं नशीब ठरवलं.

युरोपीय देशांनी आफ्रिका वाटून घेतली हा शाळेतल्या इतिहासातला ठरलेला धडा आहे. बर्लिनची परिषद १५ नोव्हेंबर १८८४ रोजी सुरू झाली आणि २६ फेब्रुवारी १८८५ रोजी संपली. तिथं एकाही आफ्रिकी राज्याचा प्रतिनिधी नव्हता. एवढं आपण पाठ करतो. पण मुलूख प्रत्यक्ष हातात कसा घेतात, राजाकडून करारावर शिक्का कसा उमटवून घेतात, गादीवर कोणाला बसवतात, खजिना कुठं जातो आणि शेतात काय पेरायचं हे कोण ठरवतं, याबद्दल धड्यात फारसं काही नसतं. ते सगळं नागपुरात एका फेरीत दिसतं. युगांडाचा इतिहास वाचून मी ही फेरी केली, आणि दोन्हीकडचे टप्पे इतके सारखे निघाले की एकाबद्दल लिहिताना दुसऱ्याला बाजूला ठेवणं शक्य नाही.

टेकडीवर

किल्ल्यावर चढलं की कळतं, टेकडी एक नाही. दोन टेकड्या आहेत, एक मोठी, एक लहान, आणि मध्ये खिंडीसारखा उतार. १८१७ साली इथं किल्ला नव्हताच. तो लढाईनंतर इंग्रजांनी बांधला. तेव्हा इथं उघडा माळ होता, पायथ्याशी इंग्रज रेसिडेंटाचं ठाणं होतं, आणि पूर्वेला, नजरेच्या टप्प्यात, भोसल्यांची राजधानी होती.

ठाणं इथवर आलं ते १८०३ च्या पराभवामुळे. त्या वर्षी २९ नोव्हेंबरला अडगावला भोसल्यांची फौज हरली, १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. कटक गेलं, वर्धा नदीपलीकडचं वऱ्हाड गेलं, आणि दरबारात इंग्रज रेसिडेंट ठेवून घ्यावा लागला. पहिला आला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. तैनाती फौज मात्र दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी जिवंतपणी स्वीकारली नाही. १८१६ च्या मार्चमध्ये ते वारले. मुलगा परसोजी राज्य चालवण्याच्या स्थितीत नव्हता, चुलतभाऊ आप्पासाहेबांना कारभार हवा होता, आणि घरातल्या विरोधकांशी सामना करायला आधार हवा होता. ईस्ट इंडिया कंपनीनं आधार दिला. २७ मे १८१६ रोजी आप्पासाहेबांनी तैनाती फौजेच्या तहावर सही केली. फौज कंपनीची आणि खर्च भोसल्यांचा, वर्षाला साडेसात लाख रुपये. आपल्याच पैशानं आपल्याच उरावर बसलेली ही फौज पुढच्याच वर्षी आप्पासाहेबांवर उलटली.

२६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी गोळीबार सुरू झाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी थांबला. रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्सकडे दीड हजाराच्या आतबाहेर शिपाई होते, भोसल्यांकडे त्याच्या कितीतरी पट. २७ तारखेला सकाळी भोसल्यांच्या अरब पलटणींनी लहान टेकडी घेतली. तेवढ्यात कॅप्टन फिट्झगेराल्डच्या घोडेस्वारांनी खाली मैदानात भोसल्यांच्या तोफांवर धडक मारली आणि लढाईचं पारडं फिरलं. इंग्रजांच्या बाजूचे साडेतीनशेवर लोक मेले किंवा जखमी झाले. त्यांतले बहुतेक मद्रासच्या पलटणींतले आणि बंगालच्या रिसाल्यातले हिंदी शिपाई होते. समोर अरब, इकडे तेलंगी आणि तमिळ. ज्यांच्यासाठी राज्य जिंकलं जात होतं, ते गोरे टेकडीवर मोजकेच होते. डिसेंबरात जनरल डव्हटनची फौज येऊन पोहोचली आणि राजधानी पडली. आप्पासाहेब पुढं कैदेतून निसटले, महादेवाच्या डोंगरात राहून लढले आणि १८४० साली जोधपूरला परमुलखात वारले.

आता युगांडा. १८९० च्या डिसेंबरात फ्रेडरिक लुगार्ड नावाचा इंग्रज कप्तान आजच्या युगांडातल्या बुगांडा राज्याच्या राजधानीत पोहोचला. त्याचा जन्म मद्रासचा, १८५८ चा. तो आला सरकारतर्फे नव्हे, ‘इम्पीरियल ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनी’तर्फे; १८८८ साली राजसनद मिळालेली ही कंपनी आपल्याकडच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या वळणावर बेतलेली होती. राजा म्वांगाचा वाडा मेंगोच्या टेकडीवर होता. लुगार्डनं समोरची कंपालाची टेकडी धरली, तिथं किल्ला उभारला आणि २६ डिसेंबरला राजाची करारावर सही घेतली. म्वांगाच्या दरबारात प्रोटेस्टंट, कॅथलिक आणि मुसलमान सरदारांचे गट एकमेकांच्या जिवावर उठले होते. आप्पासाहेबांना घरच्या भांडणात जसा कंपनीचा आधार लागला, तसाच म्वांगालाही लागला. १८९२ च्या जानेवारीत मेंगोला लढाई झाली. लुगार्डकडे मॅक्झिम तोफा होत्या आणि त्याचे पुष्कळ शिपाई सुदानी होते. १८९४ मध्ये युगांडा ब्रिटिशांच्या ‘संरक्षणा’खाली गेला. १८९७ मध्ये म्वांगानं बंड केलं, त्याला काढून टाकण्यात आलं आणि गादीवर बसवलं त्याच्या एका वर्षाच्या मुलाला, दाउदी च्वाला. कारभार कारभाऱ्यांकडे आणि कारभाऱ्यांवर इंग्रज. नागपुरात १८१८ मध्ये हेच झालं होतं. आप्पासाहेबांना काढल्यावर दुसऱ्या रघुजींचा मुलीकडचा अल्पवयीन नातू तिसरा रघुजी म्हणून गादीवर बसवला आणि राज्य कित्येक वर्षं जेंकिन्सनं चालवलं. राजा लहान असणं ही साम्राज्याच्या फार सोयीची गोष्ट होती.

महालात

बर्डीवरून पूर्वेला, गांधी गेटातून आत गेलं की महाल लागतो. या गेटाचं जुनं नाव जुम्मा दरवाजा. आतल्या अरुंद गल्ल्या, जुने वाडे, देवळं आणि भोसल्यांच्या खुणा अजून तग धरून आहेत. जुना राजवाडा १८६४ साली आगीत गेला. पण त्यातलं बरंचसं त्याआधी दहा वर्षं, आगीशिवायच, गेलं होतं.

तिसरे रघुजी ११ डिसेंबर १८५३ रोजी वारले. मुलगा नव्हता. राजघराण्यातल्या बायकांनी रिवाजाप्रमाणं यशवंतराव अहेरराव या नात्यातल्या मुलाला पुढं केलं. तोच पुढं जानोजी भोसले झाला. दत्तक घ्यायचा विधवेचा हक्क इथल्या शास्त्रानं आणि रूढीनं मानलेला होता. २८ जानेवारी १८५४ च्या टिपणात गव्हर्नर जनरल डलहौसीनं तो उडवून लावला. युक्तिवाद असा की १८१८ साली हे राज्य इंग्रजांनी कृपेनं परत दिलं होतं, वारस नाही म्हणजे देणाऱ्याकडे ते परत आलं. सुमारे ८० हजार चौरस मैलांचा मुलूख आणि वर्षाला चाळीस लाखांच्या घरातला वसूल या एका टिपणानं गेला. डलहौसीच्याच कौन्सिलात कर्नल जॉन लो यांनी विरोध नोंदवला. उपयोग झाला नाही. १३ मार्च १८५४ ला नागपूर खालसा झालं.

हेतू शोधायला या कागदाबाहेर जावं लागत नाही. डलहौसीनं तो स्वतःच लिहून ठेवला आहे. नागपूर हाती आलं तर इंग्लंडच्या गिरण्यांना ज्या मालाची सततची ददात आहे, त्या कापसाच्या पुरवठ्याला मोठी मदत होईल, हे त्यानं खालसा करण्याच्या कारणांत नोंदवलं. मुंबई-कलकत्ता दळणवळण आणि लष्करी सोय ही कारणंही त्यात आहेत. ‘सुधारणेसाठी आलो’ हे साम्राज्याचं बाहेर सांगायचं कारण. सरकारी टिपणात मात्र कापूस स्पष्ट शब्दांत आहे.

नंतर लिलाव झाला. राजवाड्यातले हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला आणून मिळेल त्या भावानं विकले. जडजवाहीर कलकत्त्याला पाठवून तिथं विकलं. बांकाबाईंनी, म्हणजे दुसऱ्या रघुजींच्या वृद्ध विधवेनं, कडकडून विरोध केला. राण्यांनी अर्ज केले, वकील धाडले. तरीही १८५७ मध्ये याच बांकाबाईंनी बंडाला साथ दिली नाही, हेही खरं. नागपूर ते विसरलं नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या मारबतीच्या मिरवणुकीतली काळी मारबत बांकाबाईंच्या त्या वागण्याच्या रागातून आली, असं इथले लोक सांगतात. इतवारी-महालाच्या रस्त्यांवर त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते.

अशा लिलावाची गाठ आफ्रिकेशी थेट मुंबईनं घालून दिली आहे. १८६८ साली अबिसीनियाच्या, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या, मोहिमेवर रॉबर्ट नेपियर मुंबईची फौज घेऊन गेला. तोफा ओढायला ४४ हत्तीही जहाजातून नेले. एप्रिलमध्ये तिथला मकदलाचा डोंगरी किल्ला पडला. तिथल्या देवळांतली आणि राजवाड्यातली लूट पंधरा हत्ती आणि दोनशेच्या आसपास खेचरांवर लादून दलांताच्या पठारावर आणली आणि तिचा लिलाव केला. ब्रिटिश म्युझियमचा माणूस तिथं खरेदीला हजर होता. लूट आधी, लिलाव मग, आणि शेवटी संग्रहालयाची काच. १८९७ मध्ये नायजेरियातल्या बेनिनच्या पितळी मूर्ती याच वाटेनं गेल्या.

नागपूरची एक वस्तू मात्र परत आली. पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार २०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनला सदबीजच्या लिलावात निघाली आणि महाराष्ट्र सरकारनं ती ४७ लाख १५ हजार रुपयांना घेतली. सरळ युरोपीय पातं, आणि त्यावर सोन्याच्या पाण्यानं देवनागरीत कोरलेलं रघुजींचं नाव. सीताबर्डीच्या लढाईनंतरच्या लुटीत ती गेली असावी, असा अंदाज आहे. आपलीच वस्तू आपण पैसे मोजून आणली.

महालात उभं राहून आणखी एक गोष्ट बोलायला हवी. हे शहर वसवलं गोंड राजा बख्त बुलंदनं, १७०२ मध्ये. पुढच्या पिढीतल्या गोंडांच्या घरगुती भांडणात पहिले रघुजी मध्यस्थ म्हणून आले आणि मालक होऊन राहिले. गोंड राजाला मान आणि तनखा उरला. १७४० च्या दशकात याच रघुजींच्या फौजांनी बंगाल लुटला. बंगाली घरांत ‘बर्गी’ची, म्हणजे या मराठा स्वारांची, धास्ती आजही पोरांना झोपवताना सांगितली जाते. म्हणजे घरातलं भांडण हेरून आत शिरायची रीत इंग्रजांनी शोधली नाही. पण फरक आहे, आणि तो मोठा आहे. भोसले इथंच राहिले, इथंच तळी-देवळं बांधली, वसूल झालेला पैसा इथल्याच बाजारात फिरला. इंग्रजांनी मात्र एका मुलखाच्या शेतीचा, रस्त्यांचा आणि कायद्याचा तोंडवळाच समुद्रापलीकडच्या गिरण्यांकडे वळवला. साम्राज्यवाद म्हणतात तो याला.

रूळ

महालातून परत स्टेशनाकडे. आजची सावनेरच्या वालुकाश्माची इमारत १९२५ ची, पण गाडी इथं आली त्याच्या खूप आधी, १८६७ मध्ये. ती का आली हे कळायला १८५३ या एका वर्षाच्या तारखा शेजारी शेजारी मांडाव्यात. १६ एप्रिलला मुंबई-ठाणे पहिली गाडी धावली. त्याच महिन्यात डलहौसीनं रेल्वेबद्दलचं प्रसिद्ध टिपण लिहिलं आणि त्यात इंग्लंड कापसासाठी टाहो फोडत असल्याचं सांगितलं. मे महिन्यात निजामाकडून कर्जापोटी वऱ्हाड लिहून घेतलं. डिसेंबरात नागपूरचे राजे वारले आणि तीन महिन्यांत नागपूर घेतलं. वऱ्हाडची काळी जमीन, नागपूरचा मुलूख आणि तिथवर जाणारा रूळ या तिन्ही गोष्टी वर्षभराच्या आत एका टेबलावर आल्या.

गरज किती होती ते १८६१ ला दिसलं. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन-चतुर्थांशाहून जास्त अमेरिकेच्या दक्षिणेतून, गुलामांच्या कष्टातून येत असे. तो थांबला. त्याच वर्षी नोव्हेंबरात नागपूर आणि सागर-नर्मदा मुलूख जोडून मध्य प्रांत तयार झाला. कापसाचे भाव आकाशाला भिडले, शेतकऱ्यांनी ज्वारी मोडून पऱ्हाटी लावली. पुढं या भागासाठी खास कापूस कमिशनर नेमला, रिव्हेट-कार्नाक. हिंगणघाटची ‘बनी’ जात शुद्ध कशी राहील, गठाणी मुंबईला लवकर कशा पोहोचतील, हे पाहणं त्याचं काम. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळले. गाडी आली १८६७ मध्ये, भाव पडल्यावर. रेल्वे कंपनीच्या भागधारकांना मात्र तोटा नव्हता. भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी सरकारची, आणि ती भरायची इथल्या रयतेच्या करांतून.

जमिनीचा बंदोबस्तही याच काळातला. गावाचा वसूल गोळा करणाऱ्या मालगुजारांना जमिनीची मालकी दिली, म्हणजे सरकारशी बांधलेला एक वर्ग तयार झाला. भंडारा-गोंदियाकडे ज्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात ते याच माजी मालगुजारांचे. आणि दळणवळण झालं म्हणजे उपासमार टळते असंही नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी मध्य प्रांत झोडपला, तेव्हा इथं रूळ होते. १८९१ ते १९०१ या दशकात प्रांताची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली.

युगांडात हे सगळं घाईनं झालं, कारण तालीम इकडे झाली होती. मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतचा रूळ १८९६ ते १९०१ मध्ये घातला. त्यासाठी सुमारे ३२ हजार मजूर हिंदुस्थानातून, मुख्यतः पंजाबातून नेले. त्यांतले अडीच हजारांच्या आसपास तिथंच मेले. १९०० च्या बुगांडा करारानं सरदारांना जमिनीची मालकी दिली आणि प्रत्येक झोपडीवर कर बसवला, वर्षाला तीन रुपये. हो, रुपयेच, पूर्व आफ्रिकेत तेव्हा हिंदुस्थानचं नाणं चालत होतं. रोख कर भरायचा तर रोख पीक हवं. १९०३-०४ च्या सुमारास कापसाचं बी वाटलं गेलं आणि काही वर्षांत कापूस हे युगांडाचं मुख्य निर्यात-पीक झालं. टेकडीवरचा किल्ला ते शेतातला कापूस हा प्रवास नागपुरात अर्धशतकाचा होता. युगांडात तो पंधरा वर्षांत आटोपला.

गिरणी

स्टेशनाच्या पूर्वेला, गांधीसागर तलावाजवळ आज एम्प्रेस मॉल आहे. इथं एम्प्रेस मिल होती. जमशेदजी टाटांनी मँचेस्टरच्या गिरण्या पाहून ठरवलं की गिरणी मुंबईत नको, कापसाच्या मुलखात हवी. दलदलीची ही जागा भराव घालून तयार केली आणि १ जानेवारी १८७७ रोजी गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं होतं; गिरणीचं नाव त्यावरून. व्यवस्थापक बेझनजी मेहता यांनी नवी रिंग चाती इथं चालवून पाहिली, आणि कामगारांसाठी निवृत्तिवेतनासारख्या सोयी कायदा यायच्या आधी इथं सुरू झाल्या. वऱ्हाड-नागपूरचा कापूस इथंच सूत होऊ शकतो, हे या गिरणीनं दाखवलं. २००२ साली ती कायमची बंद झाली.

मॉलबाहेर चहाच्या टपरीवर एक निवृत्त कामगार भेटले. “भोंगा वाजला का घड्याळ पाहाची गरज नोयती जी,” ते म्हणाले, “पोरं शाळेत त्याच्यावरच जायची.” गिरणीत ते सूतखात्यात होते. कापूस इथला, मजूर इथले, पैसाही इथला. साम्राज्याला दिलेलं खरं उत्तर ते होतं, आणि ते नागपूरच्याच मातीवर उभं राहिलं.

झिरो माईल

फेरीचा शेवट झिरो माईलजवळ. दगडी खांब, चार घोडे, आणि शेजारी षट्कोनी दगडावर हैदराबाद, चांदा, जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, बैतूल अशी गावं आणि त्यांची अंतरं. ही १९०७ ची सर्वेक्षणाची खूण. हा देशाचा मध्यबिंदू म्हणून पर्यटक फोटो काढतात. दगडावर मात्र समुद्रसपाटीपासूनची उंची आहे, १०२०.१७१ फूट. ज्या राज्यात पाऊल ठेवायला करार, लढाई आणि लिलाव लागला, त्या राज्याची उंची शेवटी फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजून झाली. मोजमाप हे ज्ञान आहे, आणि आजही ते आपल्या उपयोगाचं आहे. पण तेव्हा ते ज्यांच्या हाती होतं, त्यांच्या रुळांना, कालव्यांना आणि वसुलीला आधी उपयोगी पडलं.

इतक्या टप्प्यांवरून एकच गोष्ट पक्की होते. साम्राज्य आधी कुठल्या तरी मालाची गरज म्हणून जन्मतं. करार, तोफ, दत्तकाचा कायदा, रूळ, झोपडीवरचा कर ही त्या गरजेची हत्यारं. ‘सुधारणा’ हा शब्द नंतर चिकटवला जातो. नागपूर आणि कंपाला यांच्यात हजारो किलोमीटरचं अंतर आहे, पण दोघांच्या वाट्याला आलेली हत्यारं एकाच कारखान्यातली होती.

म्हणून शिक्षकांना आणि पालकांना विनंती: पुढच्या १ मे रोजी मुलांना घेऊन सीताबर्डीचा किल्ला चढा, तिथून महाल, स्टेशन आणि झिरो माईल दाखवा, आणि बर्लिन परिषदेचा धडा त्या वाटेवर शिकवा. आफ्रिकेचा इतिहास परक्यांचा म्हणून शिकवू नका. युगांडातल्या शेतकऱ्यानं झोपडीचा कर रुपयांत भरला, आणि त्या रुपयामागची गोष्ट नागपुरात सुरू झाली होती.